नानांची पद्मा

‘तुमचे वडील हिच्यावर कुठलं गाणं वाजवायचे, ताई?’ गिटारखाली डोकं घालून बसलेल्या हुपरीकरांनी विचारलं.

‘माहीत नाही.’

‘एखादं तरी आठवत असेल की.’

‘मी कधी ऐकलंच नाही.’

‘म्हणजे वाजवत नव्हते?’

‘रोज वाजवायचे.’

मी चेष्टा करते आहे की काय, ते बघायला हुपरीकर गिटारखालून बाहेर आले. इचलकरंजीचे हे गृहस्थ सत्तरीला टेकले होते, पण केस काळेभोर, गळ्यात साखळी. एके काळी ऑर्केस्ट्रात त्यांच्या नावाचा वेगळा बोर्ड लागायचा, हे त्यांनी सकाळपासून मला दोनदा सांगून झालं होतं.

‘अ‍ॅम्प लावत नव्हते,’ मी म्हणाले. ‘आतल्या खोलीत दार लावून बसायचे. बाहेर फक्त पेडलचा आवाज यायचा. खट्, खट्.’

‘अ‍ॅम्पशिवाय पद्मा?’ हुपरीकर पलीकडे बसलेल्या लोबोंकडे वळले. ‘ऐकलं काय, लोबोसाहेब? म्हणजे जेवण करायचं आणि वास घेऊन ठेवून द्यायचं.’

बेळगावचे आल्बर्ट लोबो हसले नाहीत. चर्चमध्ये वाजवणारा हा किडकिडीत माणूस तोवर माझ्याशी एक शब्दही बोलला नव्हता. आता म्हणाले, ‘असेल कारण कायतरी.’

कोल्हापुरात, उद्यमनगरातल्या एका जुन्या शेडमध्ये आम्ही होतो. इथे नेमाण्णा चौगुले ऑइल इंजिनाचे भाग बनवत. कुणीतरी त्यांच्याकडे एक परदेशी गिटार दुरुस्तीला आणली, ती त्यांनी पूर्ण खोलली आणि जोडता जोडता तिच्यासारखीच दुसरी करून टाकली. तिला धाकट्या मुलीचं नाव दिलं. पद्मा. ही हातात धरायची गिटार नव्हे. टेबलासारखी पायांवर उभी राहते. डाव्या हातात लोखंडाची गुळगुळीत कांडी घेऊन ती तारांवरून सरकवायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या, आणि खालच्या तीन पेडलांपैकी एक पायानं दाबलं की आतली सळई तार ओढते नि सूर माणसाच्या गळ्यासारखा वर चढत जातो. विजेवरचा अ‍ॅम्प जोडला नसेल तर हे सगळं शेजारच्या माणसालाही धड ऐकू येत नाही. बरीच वर्षं पश्चिम महाराष्ट्रातल्या ऑर्केस्ट्रांत पद्मा वाजत होत्या. मग कीबोर्ड आला. नेमाण्णांनी साचे भंगारात घातले आणि पुन्हा इंजिनाच्या भागांकडे वळले.

तरी ज्यांच्याकडे पद्मा होत्या ते वर्षातून एका रविवारी या शेडमध्ये जमत. माझे वडील, नाना, त्या मेळाव्याला कधीच गेले नव्हते. श्रावणात ते वारले, आणि घर आवरताना गिटारच्या बाजूला ठोकलेल्या पत्र्याच्या पट्टीवर मला उद्यमनगरचा पत्ता दिसला. चौकशी करता करता पद्माताईंपर्यंत पोचले. नेमाण्णांनी जिचं नाव गिटारला दिलं, ती धाकटी मुलगी त्याच. त्यांनी फोनवर सांगितलं, ‘घेऊन या. आमच्यात एक रीत आहे. माणूस गेला की त्याच्या पद्मावर एकदा गाणं वाजवतात, जशी असेल तशी. मग तिचे पाय मोकळे करतात.’

पाय मोकळे करायचे म्हणजे काय, ते तिथे गेल्यावर कळलं. नेमाण्णा कुणालाही तयार पद्मा देत नसत. घेणाऱ्याला स्टुलावर बसवायचे, गुडघ्याची उंची मोजायचे आणि म्हणायचे, आता तुमच्या आवडीचं म्हणा. माणूस गुणगुणायचा, नि ते पान्यानं पेडलमागचे नट फिरवत त्या गाण्याचे सूर बांधून द्यायचे. त्यामुळे एकाची पद्मा दुसऱ्याला धड वाजवता येत नसे. मालक गेला की बाकीचे ते सगळे नट फिरवून मूळच्या सरळ सुरांवर आणत, म्हणजे नव्या माणसाला आपल्या गाण्यासाठी ती बांधता येईल. नानांची पद्मा निपाणीच्या एका संगीत शिक्षकाला द्यायचं मी कबूल केलं होतं. तो संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार होता.

मला बदल्यात काही नको होतं. फक्त एकदा ऐकायची होती. नाना त्या बंद दारामागे तीस-बत्तीस वर्षं काय वाजवत होते, ते एकदा कानांनी ऐकायचं होतं.

बाहेर मांडवात बाकीची मंडळी जेवत होती. वाढता वाढता कुणी आपली पद्मा एस.टी.च्या टपावरून कशी आणली ते सांगत होतं, कुणी वरातीत सळई तुटल्यावर सायकलची स्पोक घालून रात्र कशी काढली ते. सकाळपासून मी प्रत्येकाला विचारत होते, साताऱ्याचे दिगंबर वाळिंबे, मला कळायच्या आधी ऑर्केस्ट्रात वाजवायचे ते, आठवतात का? आठवत होते. पण प्रत्येकाचे नाना वेगळे होते. एकाच्या मते ते गप्प होते, एकाच्या मते भांडखोर. एकानं तर त्यांना मिशा होत्या असं ठासून सांगितलं.

‘भांडखोरच,’ हुपरीकर म्हणाले. ‘मी एकदा वाजवलंय त्यांच्यासोबत. कराडला. निम्म्या गाण्यात थांबले आणि हार्मोनियमवाल्याला म्हणाले, तुझा कोमल निषाद चढलाय. पब्लिक समोर बसलंय! पण ताई, खरं सांगतो, चढला होता. आमच्यातल्या कुणालाच कळलं नव्हतं. असा कान मी पुन्हा बघितला नाही. आता ऐका, त्या माणसाची पद्मा कशी बोलते ते.’

त्यांनी अ‍ॅम्प लावला, बोटांत तारा छेडायच्या नख्या घातल्या, कांडी उचलली. मी खुर्चीच्या कडेला सरकून बसले.

पहिला सूर छान आला. दुसराही. मग हुपरीकरांनी पेडल दाबलं आणि त्यांचा चेहरा आंबट झाला. सूर वर निघाला आणि पोचायच्या आधीच थांबला. कुणीतरी जिना चढताना शेवटच्या पायरीवर पाय न ठेवताच उभं राहावं तसा. त्यांनी दुसरं पेडल दाबलं. तेच. तिसरं. तेच. त्यांनी दुसरं गाणं धरलं, मग एक अभंग, मग एक नाटकातलं पद. जिथे जिथे पाय पडे तिथे गाणं आजारी पडे. मांडवातून कुणीतरी ओरडलं, ‘कोण शिकतंय रे आत?’

हुपरीकरांनी नख्या काढल्या.

‘ढिली झाली असेल,’ मी म्हणाले. ‘प्रवासात.’

लोबो खाली वाकले, नट बोटांनी चाचपले. ‘ढिली नाही. लॉक केलेली आहे. आणि तिन्ही सारखी उतरलेली नाहीत. पहिलं पेडल थोडं, दुसरं जास्त. कुणीतरी मुद्दाम केलंय.’

‘मुद्दाम कोण करेल?’ हुपरीकर म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, जरा हळू आवाजात, ‘वय झालं की कान जातो, ताई. माझ्या गुरूंचा गेला होता. त्यांना स्वतःला कळत नव्हतं. आम्ही कुणी सांगितलं नाही.’

एवढी वर्षं त्या दारामागे काहीतरी अलौकिक चाललंय अशी मी समजूत करून घेतली होती. त्यांच्या अबोलपणाला, माझ्याशी कामापुरतं बोलण्याला मी तेच कारण देत आले होते. आणि आता निघालं होतं ते हे. पण कान गेला म्हणावं, तर गेल्या वर्षीसुद्धा आमच्या कुकरची शिटी अर्ध्या सुरानं उतरली म्हणून त्यांनी मला रबर बदलायला लावलं होतं. काही जुळत नव्हतं.

‘करू मोकळी?’ लोबोंनी विचारलं.

‘करा,’ मी म्हणाले.

त्यांनी पाना लावला. पहिलं पेडल दाबून धरायचं, तार छेडायची, नट थोडा फिरवायचा, पुन्हा छेडायची. तीन-चार वेळा तसं केल्यावर सूर आपल्या जागी जाऊन बसला. हुपरीकरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. पद्माताई चहा घेऊन आल्या, मला कप दिला आणि तिथेच स्टुलावर बसल्या. अंगानं भारी, पांढऱ्या केसांची सैल गाठ, बोलणं मोजकं.

दुसऱ्याकडे वळण्याआधी लोबोंनी पहिलं आणि दुसरं पेडल एकामागून एक दाबून पाहिलं. कांडी त्यांनी हलवली नाही. डावा हात एकाच जागी, नुसते पाय. पहिला सूर चढून व्यवस्थित बसला. दुसरा चढला आणि अलीकडेच थांबला.

माझी मान आपोआप मागे गेली. का, ते मला कळायच्या आधी गेली. चहा साडीवर सांडला.

‘थांबा,’ मी म्हणाले. ‘पुन्हा करा.’

त्यांनी पुन्हा केलं.

‘आता तिसरं. त्याच्यामागून लगेच.’

त्यांनी तिसरं पेडल दाबलं. तो सूरही अलीकडे थांबला.

‘त्याला हात लावू नका,’ मी म्हणाले.

‘का ओ ताई? बेसूर आहे ते,’ हुपरीकर म्हणाले.

‘हो. ती माझी आई आहे.’

बोलल्यावर मला ते वेड्यासारखं वाटलं, आणि तिघंही मी आणखी काही सांगेन म्हणून थांबले होते. मग मी सांगितलं, जसं जमेल तसं. आई एरवी गात नसे. सकाळी माझी वेणी घालताना तेवढी गायची. चाल गल्लीतल्या भजनी मंडळाची, शब्द तिचे: वेणी घालू, फुलं माळू, शाळेला उशीर, उठा बाई, बसा बाई, हलवू नका शीर. ‘माळू’वर उतरायची, ‘बाई’वर उतरायची, ‘शीर’वर तर पार बुडायची. रोज, त्याच तीन जागी. नाना पेपर टाकून अंगणात जायचे नि तिथून ओरडायचे, ‘अगं, एक दिवस तरी सूर धर.’ आई म्हणायची, ‘तुम्हीच धरून ठेवा, माझे हात रिकामे नाहीत.’ मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना ती गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत नानांनी माळ्यावरची पद्मा काढली आणि एकदा ती घेऊन कोल्हापूरला जाऊन आले.

‘आले होते,’ पद्माताई म्हणाल्या.

सगळे त्यांच्याकडे बघायला लागले.

‘तेव्हा मी अण्णांच्या हाताखाली होते. मला नाव लक्षात नव्हतं, माणूस लक्षात आहे. आता हे ऐकलं म्हणून. अण्णांनी स्टुलावर बसवलं, म्हणा म्हणाले. त्यांनी म्हटलं. अण्णांनी बांधलं. तर हे म्हणाले, सूर पुढं गेला, मागं घ्या. अण्णा म्हणाले, बरोबर लागलाय. ते म्हणाले, बरोबर नकोय. सगळा दिवस तेच. अण्णा त्या दिवशी जेवायला बसले आणि उठले. म्हणाले, पद्मा, आज मी आपल्या हातानं एक चांगलं वाद्य बिघडवून दिलं.’

‘विचारलं नाही का त्यांना, कशाला म्हणून?’ हुपरीकरांनी विचारलं.

‘विचारलं की. गप्प बसले.’

‘पण मला हे कळत नाही,’ हुपरीकर माझ्याकडे वळले, ‘उतरायचंच होतं, तर कांडी जरा मागं ओढली की झालं. त्याला नट कशाला पिळायचे?’

उत्तर लोबोंनी दिलं. ‘तुम्ही ओढून बघा. ज्याचा कान असा आहे, त्याचा हात चुकीच्या जागी थांबत नाही. सरकतो. आपोआप बरोबर जागी जातो. पाय बिचारा अडाणी. जिथं अडवला तिथं थांबतो.’

हुपरीकरांनी खरंच कांडी उचलून ओढून पाहिली. दोनदा पाहिली. मग ती खाली ठेवली.

मी पहिल्या पेडलकडे बघत होते. तेच ‘माळू’ होतं, आणि ते आता अगदी शुद्ध, कुणाचंही असावं असं झालं होतं.

‘ते परत आणता येईल?’ मी विचारलं.

‘किती उतरलेलं होतं ते मी काही मोजलं नाही,’ लोबो म्हणाले. त्यांचा आवाज पडला होता. ‘कुणी म्हणून दाखवलं, तर येईल.’

म्हणून दाखवणारं माझ्याशिवाय कोण होतं? मी कधी गात नाही. नानांच्या घरात कोण गाणार? तरी उभी राहिले, घसा साफ केला आणि म्हटलं.

‘हे बरोबर आलं,’ हुपरीकर म्हणाले. ‘सुरात आलं.’

पुन्हा म्हटलं. पुन्हा सुरात. तिसऱ्यांदा मुद्दाम उतरले, तर इतकी खाली गेले की मलाच ते खोटं वाटलं. हुपरीकर, ज्यांना मघापासून बेसूर ऐकून पित्त होत होतं, ते आता माझ्यासमोर हात जोडून उभे होते. ‘चुका की, ताई. एवढं काय अवघड आहे? आमची पोरं रोज चुकतात.’

‘जमत नाही,’ मी म्हणाले. ‘मला ती अशी समोर आठवत नाही. मला ती पाठीमागे आठवते.’

पद्माताई उठल्या. मला वाटलं, कप न्यायला. त्यांनी माझ्यासमोर स्टूल ओढलं, त्यावर माझ्याकडे पाठ करून बसल्या आणि केसांतली पिन काढली.

‘घाला वेणी,’ म्हणाल्या. ‘उरलेत तेवढ्यांची.’

मी तशीच उभी राहिले.

‘घाला हो. लाजायला आता आहे कोण इथं? हे दोघं तर म्हातारे.’

त्यांचे केस मऊ आणि विरळ होते, खोबरेल तेलाचा वास येत होता. कंगवा नव्हता, मी बोटांनीच भाग केले. तीन पेड घेतले. कुणाची वेणी घालून मला किती वर्षं झाली होती कोण जाणे. मला मुलगी नाही. पहिला पेड उजवीकडून मध्ये घेतला, डावीकडून घेतला आणि म्हणायला लागले, वेणी घालू, फुलं...

‘माळू’ला मी पेड घट्ट आवळला आणि आवाज उतरला. मी उतरवला नाही. दोन्ही हात ओढत होते, छातीतला श्वास हातांकडे गेला आणि सूर अलीकडेच थांबला.

लोबो आधीच खाली बसले होते.

‘पुन्हा,’ ते म्हणाले.

मी पुन्हा आवळला. पुन्हा तिथेच. ‘बाई’ला पुढचा पेड, तिथेही. ‘शीर’ला तर टोकाशी येऊन गाठ मारायची असते, सगळ्यात जास्त जोर तिथे लागतो.

लोबोंनी पाना लावला. मी म्हणायचे, ते तार छेडायचे, नट जरासा फिरवायचे. ‘अजून खाली?’

‘अजून थोडं.’

‘आता?’

‘आता जास्त गेलं. वर घ्या.’

हुपरीकर डोळे मिटून उभे होते. त्यांनी एकदा मान हलवली, एकदा नाही म्हणून बोट हलवलं. शेवटी त्यांचं बोट हवेतच थांबलं. ‘हा,’ म्हणाले. ‘हाच.’

हाच कशावरून, हे मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी माझ्या आईला कधी ऐकलं नव्हतं. आणि मी जो सूर देत होते तो तिचा होता की माझ्या स्वतःच्या हातांचा, हे मलाही सांगता येत नव्हतं. आजही येत नाही. तिचे हात रिकामे नाहीत, हे तिनं स्वतः रोज सांगितलं होतं, आणि आम्ही दोघांनी ते ऐकलं होतं. नाना मात्र त्या वेळी नेहमी अंगणात असायचे. भिंतीपलीकडून त्यांना फक्त सूर ऐकू यायचा. तो कशानं उतरतो हे त्यांना पुढे कधी कळलं का, की त्या खोलीत ते तेवढंच रोज शोधत बसले होते, मला माहीत नाही.

लोबोंनी नट लॉक केला, गिटारपाशी बसले आणि कांडी तारांवर ठेवून डावा हात अगदी स्थिर धरला. मग नुसत्या पायांनी त्यांनी ती ओळ वाजवली, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

माझ्या हातात वेणीचं टोक तसंच होतं. पद्माताईंनी मान वळवली नाही.

‘गाठ राहिली,’ त्या म्हणाल्या. ‘घट्ट मारा. मला दुखत नाही.’